हिऱ्याची कणी आणि धडधडणाऱ्या पेशी : अर्धवट राहिलेलं संशोधन मांडायचा धागा

काचपट्टी

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात पीएचडी करते, चौथं वर्ष. विषय मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही दहाएक जण महिन्यातल्या एका शनिवारी जमतो. निम्मे जीवशास्त्रवाले, तिघं क्वांटम सेन्सरवर काम करणारे, एक रसायनवाली. सगळे पीएचडी करणारे किंवा नुकतेच पोस्टडॉक झालेले. नियम एकच आहे. जे छापून आलेलं नाही आणि जिथे गाडं अडलंय, तेवढंच सांगायचं. परिषदेतल्या पोस्टरवर सगळं इस्त्री करून लावलेलं असतं, त्यामुळे तिथे कोणी कोणाच्या खऱ्या अडचणीला हात घालत नाही. या शनिवारांनी मला खूप दिलं. म्हणून वाटलं, हे मराठीत आणि सगळ्यांसमोर करून बघावं.

आधी माझं काम सांगते. २००६ साली क्योटोमध्ये शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २४ जनुकांची यादी घेतली आणि एकेक वगळत चारवर आणली : ऑक्ट४, सॉक्स२, केएलएफ४ आणि सी-मिक. ही चार उंदराच्या त्वचेच्या पेशीत चालू केली की ती पेशी मागे जाते आणि गर्भातल्या पेशीसारखी कोरी होते. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशीतही ते जमलं. २०१२ साली यामानाकांना जॉन गर्डन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. गर्डन यांनी १९६२ मध्येच दाखवलं होतं की बेडकाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक अंड्यात घातलं तर त्यातून पूर्ण बेडूकपिल्लू होऊ शकतं.

मी अशा कोऱ्या पेशींपासून हृदयाच्या पेशी बनवते. ऐकायला मोठं वाटतं, पण रोजचं काम म्हणजे निगा. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि रोज मीडियम, म्हणजे पेशींचं पातळ खाद्य, बदलायचं. रोज म्हणजे रोज. गेल्या लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी घरून निघून मीडियम बदलून आले होते. सूक्ष्मदर्शकाखाली चांगली वसाहत गोल दिसते, कडा स्वच्छ, पेशी दाटीवाटीने बसलेल्या. कडेला एखादी पेशी चपटी होऊन पसरायला लागली की समजायचं, ही वाट सोडून निघाली. मग पिपेटच्या टोकाने ती खरवडून काढायची. आई तांदूळ निवडते ना, अगदी तसं बसून निवडावं लागतं.

नंतर दोन छोटे रेणू ठरलेल्या क्रमाने घातले की आठव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान पेशी धडधडायला लागतात. पहिल्यांदा दिसलं तेव्हा ताटलीच्या कोपऱ्यात पापणी लवल्यासारखं काहीतरी हललं. मी आधी टेबलाला धक्का लागला का ते पाहिलं. मग घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला ३८.

अडचण अशी की या पेशी बाळाच्या हृदयासारख्या राहतात, मोठ्या माणसाच्या होत नाहीत. मोठं हृदय मुख्यतः चरबी जाळून चालतं, माझ्या पेशी साखरेवर अडून बसतात. आत काय जळतंय हे पाहायचं तर बहुतेक पद्धतींत पेशी मारावी तरी लागते, नाहीतर रंग घालावा लागतो, आणि रंग तासाभरात फिका पडतो. मला तीच पेशी दहा दिवस जिवंत पाहायची आहे. म्हणून क्वांटम सेन्सरवाल्या हिरेवाल्यांशी गाठ पडली. पुढचं त्यांनी सांगावं.

दोनसत्त्याऐंशी

हिरेवाला हजर आहे. मुंबईत पीएचडी, तिसरं वर्ष. टोपणनावाचा उलगडाही खाली होईल.

हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची जाळी. तीत एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आला आणि त्याला लागूनची जागा मोकळी राहिली, तर त्या जोडीला एनव्ही केंद्र म्हणतात. हिऱ्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून मोकळ्या जागा तयार करतात, मग सुमारे ८०० अंशांना तापवतात. तापल्यावर त्या मोकळ्या जागा जाळीतून फिरत फिरत नायट्रोजनजवळ येऊन अडकतात. सुरतेच्या कारखान्यांत दागिन्यांसाठी जे हिरे वाढवतात, त्यांत असला दोष नको असतो. आमचं सगळं काम त्या दोषावरच चालतं.

या केंद्रावर हिरवा लेसर टाकला की ते तांबडा प्रकाश देतं. आता त्याच वेळी मायक्रोवेव्ह लावून कंप्रता हळूहळू वाढवत न्यायची. २.८७ गिगाहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला २८७ कोटी कंपनांना, तांबडा प्रकाश एकदम मंदावतो. केंद्रातल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचा इवलासा चुंबकपणा, तिथे एका अवस्थेतून दुसरीत जातो आणि ती दुसरी अवस्था कमी चमकते. आलेखात तिथे खाच पडते, एवढीच आमची खूण. जवळ चुंबकीय क्षेत्र असेल तर त्या खाचेच्या दोन खाचा होतात. तापमान एक अंशाने वाढलं तर खाच सुमारे ७४ हजार हर्ट्झने खाली सरकते. म्हणजे प्रकाश मोजून आपण चुंबक आणि तापमान दोन्ही वाचतो.

इतर बऱ्याच क्वांटम उपकरणांना द्रव हेलियम लागतं, शून्याच्या खाली सुमारे २६९ अंशांवर जावं लागतं. हिरा मात्र साध्या खोलीत, पाण्यात, जिवंत पेशीतही चालतो. हिऱ्याची जाळी इतकी ताठ आहे की आतल्या स्पिनला बाहेरच्या थरथराटाची झळ फार लागत नाही. मी यात पडलो ते याच कारणाने.

निवृत्त_मास्तर

मुलांनो, फार समाधान वाटलं. मी वाई तालुक्यात ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. दोन शंका आहेत. एक, हिरा पेशीच्या आत जातो कसा, आणि पेशीला इजा होत नाही का? दोन, ७४ हजार ऐकायला मोठं वाटतं, पण २८७ कोटींपुढे ते किती? एवढासा फरक ओळखू येतो?

दोनसत्त्याऐंशी

सर, दुसरी शंका अगदी वर्मावर आहे. २८७ कोटींत ७४ हजार म्हणजे लाखात साधारण अडीच भाग. आणि आमची खाच काही सुईसारखी टोकदार नसते. नॅनोहिऱ्यात, म्हणजे हिऱ्याच्या अतिसूक्ष्म कणीत, तिची रुंदी काही मेगाहर्ट्झ असते. दशांश अंशाचा फरक पाहायचा असेल तर त्या रुंद खाचेचा मध्य तिच्या रुंदीच्या सुमारे हजाराव्या भागाइतका सरकला का, हे सांगावं लागतं. त्यासाठी कोट्यवधी प्रकाशकण मोजायचे, सरासरी काढायची आणि तेवढा वेळ बाकी काहीही हलू द्यायचं नाही. माझं निम्मं आयुष्य त्या शेवटच्या अटीत जातं.

काचपट्टी

मास्तर, पहिल्या शंकेचं मी सांगते. आम्ही वापरतो ती कणी १०० नॅनोमीटरच्या आसपासची, म्हणजे केसाच्या जाडीत अशा काही शे मावतील. पेशी बाहेरचे कण पापुद्र्यात गुंडाळून आत ओढते, तशीच ही कणीही ओढते. मीडियममध्ये मिसळून काही तास ठेवलं की झालं. आत गेल्यावर ती बहुतेक त्या पापुद्र्याच्या पिशवीतच राहते, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. हिरा रासायनिकदृष्ट्या कशातच पडत नाही, म्हणून पेशी बिनघोर वाढते, विभागते, आणि कण्या लेकी-नातींत वाटल्या जातात.

तैवानच्या गटाने २०१३ साली याचा फार सुंदर उपयोग केला. उंदराच्या फुप्फुसातल्या मूलपेशींत नॅनोहिरे भरले, त्या पेशी दुसऱ्या उंदराला दिल्या आणि इजा झालेल्या फुप्फुसात त्या कुठे जाऊन बसतात हे पाहिलं. हिऱ्याचा तांबडा प्रकाश फिका पडत नाही, त्यामुळे दिवस उलटले तरी पेशी सापडतात. त्याच वर्षी हार्वर्डच्या गटाने माणसाच्या जिवंत पेशीत नॅनोहिरा तापमापक म्हणून वापरून दाखवला. तो निबंध वाचूनच मी दोनसत्त्याऐंशीला पहिला ईमेल केला होता.

जेलीवाली

छान धागा! मी रसायनवाली. २००६ साली अमेरिकेत अ‍ॅडम एंग्लर आणि डेनिस डिशर यांच्या गटाने मूलपेशी वेगवेगळ्या घट्टपणाच्या जेलीवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलीवर त्या चेतापेशींसारख्या व्हायला लागल्या, स्नायूइतक्या घट्टवर स्नायूसारख्या, त्याहून कडकवर हाडाच्या वाटेला लागल्या. काचपट्टीच्या हृदयपेशींसाठी मी अशीच जेली बनवतेय, कारण काच म्हणजे पेशीच्या दृष्टीने दगडच. पण माझी जेली लेसर विखुरते आणि हिरेवाल्यांचा प्रकाश कमी होतो. कोणाला जास्त पारदर्शक जेलीचा अनुभव असेल तर लिहा.

नेकारकाठ

जर्मनीत पोस्टडॉक आहे, याच क्षेत्रात. उत्साह पाहून आनंद झाला, पण एक गोष्ट आत्ताच समोर ठेवतो, नाहीतर तुमचे दोन महिने वाया जातील.

पेशी स्वतःच्या उष्णतेने किती तापू शकते याचं गणित कागदावर करा. पेशी सुमारे १०० पिकोवॅट उष्णता देते असं धरू, आकार १० मायक्रोमीटर. पाण्याची उष्णतावाहकता ०.६. शंभर पिकोवॅटला ०.६ ने आणि १० मायक्रोमीटरने भागा. उत्तर येतं एका अंशाच्या लाखाव्या भागाच्या आसपास. पेशी इतकी लहान आहे आणि भोवती इतकं पाणी आहे की उष्णता तयार होताक्षणी निघून जाते. आणि छापून आलेल्या कित्येक निबंधांत पेशीच्या आत एक-एक अंश चढल्याचे दावे आहेत. म्हणजे गणित आणि मोजमाप यांत लाखपट दरी. गियोम बाफू आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली नेचर मेथड्समध्ये हेच मांडलं, आणि तो वाद अजून चालूच आहे. २०१८ मध्ये मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या, ५० अंशांच्या जवळपास चालतात असा निबंध आला, त्यावरही हीच हरकत घेतली गेली.

हार्वर्डच्या प्रयोगाला हे लागू होत नाही. त्यांनी सोन्याचा कण लेसरने मुद्दाम तापवला होता, उष्णता बाहेरून दिली होती. तुम्ही पेशीची स्वतःची उष्णता शोधायला निघाला असाल तर काही दिसलं की आधी उपकरणावर संशय घ्या.

काचपट्टी

नेकारकाठ, दंडवत. दोन महिने ऑलरेडी गेले. तीच गोष्ट सांगायची होती, आता मोकळेपणाने सांगते.

डिसेंबरात आम्ही पेशींत हिरे घातले, मुंबईला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. मायक्रोवेव्ह देण्यासाठी काचेवर केसाएवढी तांब्याची तार ताणलेली असते. मायक्रोवेव्ह चालू केलं, पाच मिनिटं थांबलो, मग मायटोकॉन्ड्रियाला भरधाव जाळायला लावणारं एक रसायन घातलं. तापमान चढायला लागलं. वीस मिनिटांत ०.६ अंश. तीनदा केलं, तीनदा तेच. मी त्या रात्री झोपले नाही. आलेख फोनवर लावून पुन्हा पुन्हा पाहत होते. मार्गदर्शकांना सांगायचा मजकूरही लिहून ठेवला.

शनिवारच्या बैठकीत तो आलेख दाखवला तेव्हा पहिल्या वर्षाचा एक मुलगा, ज्याला आमच्या विषयातलं फारसं माहीत नाही, त्याने विचारलं, "ताई, मेलेल्या पेशींवर करून पाहिलंत का?" पाहिलं नव्हतं.

पुढच्या फेरीत पेशी फॉर्मॅलिनने मारून ठेवल्या. तोच चढ. मग पेशीच नाहीत, नुसत्या पाण्यात हिरे. तोच चढ! मग दोनसत्त्याऐंशीने मायक्रोवेव्ह एक तास आधीपासून चालू ठेवलं, आणि चढ सपाट झाला. तार पाणी तापवत होती. आपल्या घरचा मायक्रोवेव्ह दूध तापवतो तसंच, फक्त थेंबभर आणि हळूहळू. रसायन घालायची आमची वेळ आणि पाणी तापायची वेळ एकच होती, एवढाच तो शोध.

मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण आता विचार करते की तो आलेख बैठकीत न दाखवता थेट निबंधात गेला असता तर काय झालं असतं.

दोनसत्त्याऐंशी

यात माझी चूक मोठी आहे. तार पाणी तापवते हे मला माहीत असायला हवं होतं. माझ्या मोजमापांत हिरा कोरड्या काचेवर असतो, म्हणून ते कधी जाणवलं नव्हतं. शिवाय आम्ही तेलाचा थेंब लावून वापरायचं भिंग वापरतो. ते त्या थेंबातून काचेला चिकटलेलं असतं आणि धातूचं अख्खं नळकांडं पेशींची उष्णता ओढून घेतं. ताटली ३७ वर असली तरी बरोबर भिंगावरच्या जागी दीड-दोन अंश कमी भरतं. आता भिंगाला हीटरचा पट्टा गुंडाळलाय.

नेकारकाठ, तुमच्या गणितानंतर आम्ही ध्येयही बदललं. पेशीची स्वतःची उष्णता शोधणं सोडलं. आता मुक्त मूलकं मोजणार आहोत. त्यांच्यात एकटा इलेक्ट्रॉन असतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र सतत फडफडतं, आणि लेसरने एका अवस्थेत आणलेला जवळच्या एनव्हीचा स्पिन लवकर विसावतो, म्हणजे ती अवस्था सोडतो. हे मोजायला मायक्रोवेव्ह लागतच नाही, नुसता लेसर पुरतो. तारेचा प्रश्नच मिटला. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला रोमाना शिरहागल यांच्या गटाने या पद्धतीवर बरंच काम केलंय. हृदयपेशी साखर सोडून चरबीकडे वळते तेव्हा मूलकं बदलायला हवीत, म्हणजे काचपट्टीच्या मूळ प्रश्नाशी हे थेट जुळतं.

नेकारकाठ

उत्तम दिशा. एकच सांगणं, हिऱ्याच्या पृष्ठभागावर काय चिकटलंय त्यानेही विसाव्याची वेळ बदलते. प्रत्येक कणी आधी मोजून ठेवा आणि नंतर त्याच कणीशी तुलना करा. दोन वेगळ्या कण्यांची सरासरी घेऊ नका.

शमीचं_पान

तुमच्या चर्चेत मध्येच येतेय, माफ करा. माझा मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न आहे. एका क्लिनिकमध्ये स्टेम सेलची सहा इंजेक्शनं सांगितली आहेत, खर्च काही लाखांत. तुम्ही यात काम करता म्हणून विचारते. करावं का?

काचपट्टी

ताई, माफी कसली. हा प्रश्न मला घरच्या लग्नातही विचारला जातो आणि दर वेळी मी हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर देते.

मी डॉक्टर नाही, पण नियम स्पष्ट आहे. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी रक्त बनवणाऱ्या मूलपेशींचं प्रत्यारोपण, ज्याला आपण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो, हा मान्य उपचार आहे. भारतात पहिलं असं प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं. स्वमग्नता त्या यादीत नाही. यादीबाहेर जे काही असेल ते फक्त नोंदणी झालेल्या चाचणीतच करता येतं, आणि चाचणीत सामील होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. क्लिनिकने चाचणी म्हटलं तर सीटीआरआय, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. ती नोंदवही कोणालाही पाहता येते. क्रमांक नसेल आणि लाखांचं बिल असेल, तर कृपा करून पैसे भरू नका. मुलाला पाहणाऱ्या बालमेंदूविकारतज्ज्ञांशी आधी बोला.

मूलपेशींनी काहीच होत नाही असं मात्र नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत चुन्याने, अ‍ॅसिडने भाजलेल्या डोळ्यांवर बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी २००१ पासून बसवतात आणि कितीतरी लोकांची नजर परत आली आहे. तिथे कोणती पेशी, कुठून घेतली, काय दुरुस्त करते, हे सगळं ठाऊक आहे. तुम्हाला सांगितलेल्या इंजेक्शनात यातलं काय ठाऊक आहे, हे त्यांना लेखी विचारा.

शमीचं_पान

आज फोन करून क्रमांक मागितला. "तो लागत नाही" म्हणाले. नाही करत आम्ही. मनापासून धन्यवाद.

चुंबकसूची

माझंही काम जवळचं आहे. मी रुबिडियमच्या वाफेचे चुंबकमापक बनवते. हिऱ्यापेक्षा आकाराने मोठे, पण खूप संवेदनशील. काचेच्या छोट्या कुपीत वाफ असते, लेसरने सगळ्या अणूंचे स्पिन एका दिशेला वळवायचे आणि क्षेत्राने ते किती ढळतात ते पाहायचं. हे मापक हेल्मेटमध्ये बसवून हलत्या माणसाच्या मेंदूचं क्षेत्र मोजता येतं, हे नॉटिंगहॅमच्या गटाने २०१८ साली दाखवलं. त्याआधी डोकं द्रव हेलियमच्या मोठ्या पिंपाखाली स्थिर धरावं लागायचं.

आकडे पाहा. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला. छातीपाशी हृदयाचं क्षेत्र त्याच्या साधारण दहा लाखाव्या भागाइतकं. मेंदूचं तर चाळीस कोटीव्या भागाइतकं. लिफ्ट हलली, खाली मोटारसायकल गेली, की माझा आलेख उडतो. म्हणून मी रात्री दीड ते चार मोजते.

या त्रासाला आपल्याकडे जुना इतिहास आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीचं चुंबकत्व नोंदत असत. १८५९ च्या सप्टेंबरातल्या प्रचंड सौरवादळाची नोंदही तिथे झाली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि तारांतल्या प्रवाहाने सुया बिघडणार हे कळल्यावर संचालक नानाभॉय मूस यांनी नवी वेधशाळा अलिबागला उभारली. १९०४ पासून नोंदी तिथे होतात. मी पहिल्या वर्षी अलिबागला जाऊन ती पाहून आले. समुद्राकडून वारा येत होता आणि मी विचार करत होते की माझ्या प्रयोगशाळेखालून जाणाऱ्या रस्त्याचं मी काय करू.

काचपट्टी, तुझ्या धडधडणाऱ्या पेशींचा पत्रा किती मोठा वाढवता येतो? सगळ्या पेशी एका तालात असतील तर वाफेच्या मापकाला काहीतरी दिसायला हवं.

काचपट्टी

आत्ता नखाएवढा. जेलीवालीची जेली जमली तर रुपयाएवढा होईल. ताल एक असतो, पण मधूनमधून दोन टोकं वेगळी धडधडतात. बोलू या.

बीएस्सी_दुसरं_वर्ष

ताई, दादा, सगळं वाचलं. मला भीती वाटते म्हणून विचारतो. तुम्ही छापण्याआधीच सगळं सांगता, कोणी चोरलं तर? आमचे सर म्हणतात वहीसुद्धा कोणाला दाखवू नये.

दोनसत्त्याऐंशी

आमच्या भौतिकशास्त्रात ही भीती कमी आहे, त्याला कारण आहे. १९९१ पासून आर्काइव्ह हे सगळ्यांना खुलं संकेतस्थळ आहे. निबंध नियतकालिकाकडे पाठवायच्या आधी किंवा त्याच दिवशी तिथे टाकतात. तारीख नोंदली जाते, तेच तुझं हक्काचं कागदपत्र. जीवशास्त्रात तसलं बायोआर्काइव्ह २०१३ मध्ये आलं, त्यामुळे तिकडे ही सवय अजून नवी आहे.

काचपट्टी

बाळा, भीती खोटी नाही. माझ्या मैत्रिणीची कल्पना एका परिषदेनंतर दुसऱ्याच्या निबंधात दिसली आणि ती वर्षभर कोणाशी बोलत नव्हती. म्हणून आम्ही बैठकीत नियम केलाय : फोटो काढायचा नाही, आणि इथे ऐकलेलं वापरायचं असेल तर आधी विचारायचं. आजवर कोणी मोडलेला नाही.

पण लपवण्याची किंमतही पाहा. २०१४ च्या जानेवारीत जपानमधून बातमी आली की साध्या पेशी आम्लात बुडवल्या की कोऱ्या मूलपेशी होतात. स्टॅप पेशी म्हणत त्यांना. अमेरिकेतले मूलपेशी संशोधक पॉल नॉप्फ्लर यांनी आपल्या संकेतस्थळावर जगभरच्या प्रयोगशाळांना आवाहन केलं, तुम्ही करून पाहिलंत तर काय आलं ते सांगा. काही आठवड्यांतच अपयशाच्या नोंदी एकामागून एक आल्या. जुलैत ते निबंध मागे घेतले गेले. पुढे तपासात कळलं की त्या पेशी मुळात गर्भाच्या मूलपेशीच होत्या, मिसळलेल्या. एकेका प्रयोगशाळेने आपलं अपयश ड्रॉवरमध्ये ठेवलं असतं तर किती मुलांची वर्षं त्यात गेली असती!

आमचा तापमानाचा चढही मेलेल्या पेशींच्या एका प्रश्नाने पडला, आणि तो प्रश्न तुझ्यासारख्याच एका नवख्या मुलाचा होता. तू वही दाखव. कोणाला दाखवायची ते मात्र निवड.

नेकारकाठ

सहमत. अजून एक, जे इथे कोणी बोललेलं नाही. वेळेवर पैसे नसतील तर माणूस मोकळेपणाने बोलत नाही, कारण प्रत्येक निबंध म्हणजे पुढच्या वर्षाची भाकरी असते. भारतात असताना माझी फेलोशिप पाच महिने अडकली होती, त्या काळात मी कोणालाच आलेख दाखवला नाही. आता जेआरएफ, म्हणजे पहिल्या वर्षांची फेलोशिप, महिना ३७ हजार झाली आहे, आणि पुढची एसआरएफ ४२ हजार. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन ६००३ कोटींचं मंजूर झालं, सेन्सरचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आलं. उपकरणं येतील. फेलोशिप महिन्याच्या महिन्याला आली तर ती उपकरणं चालवणारी मुलं टिकतील.

निवृत्त_मास्तर

आमच्या शाळेत दहावीच्या मुलांना हा सगळा धागा वाचून दाखवला. तारेने पाणी तापल्याचा भाग दोनदा वाचायला लावला त्यांनी. एका मुलीने विचारलं, पेशी मुंबईला नेतात कशा? गाडीत त्यांची धडधड थांबत नाही का? उत्तर कळवा, मी वर्गात सांगेन.

काचपट्टी

मास्तर, तिला सांगा, अगदी नेमका प्रश्न विचारलास.

आधी दोन्ही संस्थांच्या मूलपेशी समितीची परवानगी आणि हस्तांतराचे कागद. मग पेशींची चपटी बाटली मीडियमने काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही. बुडबुडा राहिला तर गाडीच्या हिसक्यांनी तो पेशींवरून घासत फिरतो. प्रवासात कार्बन डायऑक्साइड मिळत नाही, म्हणून आम्लता स्थिर ठेवणारं वेगळं मीडियम घालायचं. थर्माकोलचा डबा, आत ३७ अंशांवर तापवलेली जेलची पाकिटं, बाटलीला टॉवेल. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन. डबा रॅकवर ठेवत नाही, मांडीवरच घेते. घाटात बोगदे सुरू झाले की नकळत दोन्ही हातांनी धरला जातो.

गार झाल्या तर त्या मंदावतात, कधी थांबतातही. पुन्हा ३७ वर ठेवून तासभर गेला की सुरू होतात. गेल्या वेळी दोनसत्त्याऐंशीने भिंगाखाली ठेवल्या तेव्हा मिनिटाला ११ होत्या. आम्ही चहा पिऊन आलो तेव्हा ३४.

दोनसत्त्याऐंशी

आज रात्रीची नोंद : पेशी नाहीत, पाण्यात नुसते हिरे, भिंगाचा हीटर चालू, मायक्रोवेव्ह बंद. एकाच कणीची विसाव्याची वेळ ४० मिनिटं पुन्हा पुन्हा मोजली, आलेख सपाट आहे. मेलेल्या पेशींचीही एक ताटली लागेल, ती विसरू नकोस. गुरुवारी ये.

काचपट्टी

दोन्ही आणते. एकीवर हिरवी पट्टी, दुसरीवर लाल. कोणती कोणती ते मोजून होईपर्यंत तुला सांगणार नाही.